खांबाजवळची ओली फरशी

तिरेसाच्या पायाला भिंगरी आहे, हे सवाई बेटावरच्या त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. प्रार्थना चालू असतानासुद्धा ही बाई सतरांदा उठणार. असलीला फरशी बसवायचं काम शिकायचं सुचावं, यावर गाव पोट धरून हसलं. पण तारोचे कंद उपटून तिचा जीव विटला होता.

परगावच्या इओसेफा मिस्त्रीने तिला हाताखाली घेतलं आणि पहिल्याच दिवशी कपाळ बडवलं. लावलेली फरशी ती पुन्हा पुन्हा दाबून बघायची.

"अगं बये, निखाऱ्यातला नीरफणस आहे का तो, सारखा टोचायला? सोड! सिमेंटचा मसाला त्याचा तो धरतो."

शेवटी त्याने गावच्या सभाघराची जमीन तिच्यावर सोपवली. "ही एकटीने धड कर, तर आपिया शहरातल्या हॉटेलच्या कामावर नेतो. नाहीतर तारो कुठे पळून जात नाही."

सभाघराला नुसते खांब आणि वर छप्पर, भिंत नाही की दार नाही. तिने शिकवल्याबरहुकूम मधोमध सूत मारून रेघ आखली आणि अख्ख्या फरशा मधून बाहेर लावत नेल्या. मधला भाग आदल्या दिवशीच पक्का झाला. आज खांबांभोवती कापलेल्या फरशा बसल्या. दुपारी कमरेवर हात देऊन तिने नजर फिरवली. झकास! एक सांधा वाकडा नव्हता.

आणि नेमके तेव्हाच गावचे मुखिये आले. गावातल्या एका मयतीचे पाहुणे ठरल्याच्या आधीच येऊन धडकणार होते, त्यांचं काय करायचं ते लगेच ठरवायचं होतं. तिरेसाच्या तोंडचं पाणी पळालं. अहो, सभेत मध्ये कोणी बसतं का? प्रत्येक मुखियाचा खांब ठरलेला, बापाकडून आलेला. कोरडं होतं तिथे कोणी बसणार नव्हतं, आणि बसणार होते तिथे सगळं ओलं. मिस्त्रीचं सोडा, तो परका. पण ही तर इथलीच ना, कडेपासून सुरुवात करायचं हिला सुचू नये?

गावातर्फे बोलणारा म्हातारा मुखिया लेआवासा पायरी चढला, बसायला त्याने हात टेकला, आणि त्याच्या खांबाजवळची फरशी एका कोपऱ्यात खचली.

"तुलोउ, बाबा, तुलोउ!" माफी मागत ती वाकून धावली. "ओलं आहे तिथे, उठा ना! मध्ये बसा, मध्ये कोरडं आहे."

बाईमाणूस, ना पद ना मान, आणि मुखियाला ऊठ म्हणते!

"मध्ये?" लेआवासा गुरगुरला. "मी काय ताटातला मासा आहे, मध्ये मांडायला?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. म्हातारा कण्हत उठला, बाहेरच्या दगडी कट्ट्यावर गेला आणि आपल्याच खांबाला खांदा टेकून आत तोंड करून बसला. बाकीच्यांनीही तेच केलं.

"आणि तू गं," तो म्हणाला, "रिकाम्या घराशी मी बोलत नसतो. जा, मध्ये बस. हलायचं नाही."

ओली कड ओलांडून तिरेसा आपल्या बादली-थापीशेजारी मांडी घालून बसली. लेआवासाचं भाषण पणजोबांच्याही पणजोबांपासून सुरू झालं. समोर ती खचलेली फरशी. वारा गरम होता, मसाला आवळत चालला होता. आत्ता उचलली तर ठीक, नंतर छिन्नीच लावावी लागणार. रस्त्यावर इओसेफा हाताची घडी घालून उभा होता, त्यालाही ती फरशी दिसत होती. गेलं आपिया! तिच्या मांड्यांना मुंग्या आल्या, जीव नुसता तडफडत होता. पण मुखिया बोलत असताना हलणं म्हणजे भर सभेत त्याच्या थोबाडीत मारणं.

ती हलली. बादली ढकलत, "तुलोउ, तुलोउ" पुटपुटत ती रांगत कोरड्याच्या कडेला गेली, पालथी पडली आणि हात लांबवून थापीने फरशी उचलली. खाली थोडा मसाला भरला, फरशी बसवली, वर पाणसळ ठेवली. बुडबुडा मध्ये आला.

म्हाताऱ्याचा आवाज क्षणभरही थांबला नाही. फक्त खांबाला टेकवलेली काठी त्याने बोलता बोलता उचलली आणि तिच्या हाताच्या आड येत होती म्हणून पलीकडे ठेवली.

फरशी आणखी एकदा दाबून बघावी, असं तिच्या फार मनात आलं. तिने हात मागे घेतला.

सभा उठल्यावर इओसेफाने वाकून त्या फरशीच्या सांध्यावरून बोट फिरवलं.

"सोमवारच्या बोटीला ये," तो म्हणाला. "आणि तिथे सूत मारायच्या आधी विचार, माणसं बसतात कुठे."