दोन फाटकांचं घर

घराचा नकाशा काढायच्या आधी त्याने गाडीचा रस्ता आखला. कोपऱ्यावरच्या मोकळ्या प्लॉटवर, चुन्याच्या फक्कीने, वाकून वाकून. मोठ्या रस्त्याच्या बाजूला आत यायचं फाटक, आडव्या गल्लीच्या बाजूला बाहेर पडायचं फाटक, आणि दोन्हींच्या मधून कोपरा व्यापत गेलेला कमानीसारखा पांढरा पट्टा. घर कुठे बसवायचं ते नंतर बघू. उरेल तिथे.

लोक प्लॉट घेतात तेव्हा आधी स्वयंपाकघराचं तोंड कुठे करायचं यावरून भांडतात. हा माणूस उभं आयुष्य शहराची बस चालवून निवृत्त झालेला, त्यामुळे त्याला भांडायला एकच विषय होता: आपल्या घरी गाडी मागे घ्यावी लागता कामा नये. डेपोत तसा नियमच होता. मागे कंडक्टर शिट्टी वाजवत उभा असल्याशिवाय बस वीतभरही मागे घ्यायची नाही. बाकीच्यांसाठी तो नियम भिंतीवर लिहिलेला होता, याच्या तो हाडात शिरला होता. आरशात जे दिसतं त्याची त्याला कधी भीती वाटली नाही. आरशात न मावणारा जो तुकडा गाडीच्या मागे पडून राहतो, त्याची वाटायची. "त्या तुकड्यात काहीही असू शकतं," असं तो म्हणायचा, आणि म्हणताना त्याचा आवाज उगीचच खाली यायचा. डेपोतली मंडळी त्याला 'नाकासमोर' म्हणत. "नाकासमोर आला का रे?" "नाकासमोरची आज सुट्टी." नाव इतकं चिकटलं की पगारवाटपाच्या खिडकीतूनसुद्धा एकदा तेच पुकारलं गेलं, आणि हा निमूटपणे पुढे झाला.

निवृत्तीनंतर त्याने एक जुनी छोटी गाडी घेतली होती. आयुष्यातली पहिली स्वतःची. रोज सकाळी तिची काच पुसून तो शहराबाहेर प्लॉटवर जायचा आणि चुना ठळक करून यायचा.

नकाशा काढत होती त्याची भाची. घरांचे नकाशे काढणं हाच तिचा व्यवसाय. ती तोंडावर फारशी बोलायची नाही, एक रेघ ओढायची आणि गप्प बसायची, आणि तेच जास्त झोंबायचं.

"मामा, गाडी केवढी आणि वळण केवढं! इथून अख्खी बस जाईल."

"जाऊ दे की. जागा जास्त सुटली तर बिघडलं कुठे?"

"बिघडलं असं, की घर आखडलं. मामीची शिलाईची खोली पार मागे गेली, न्हाणीघराला चिकटून. खिडकीतून समोर भिंत."

"शिवताना कापडाकडे बघायचं असतं. खिडकीतून बघून करायचंय काय?"

भाचीने कानावरची पेन्सिल काढली आणि एक रेघ ओढली. मग ती गप्प बसली.

मामी, म्हणजे त्याची बायको, शहरात त्यांच्या भाड्याच्या जागेतल्या पुढच्या खोलीत कपडे शिवायची. दार थेट गल्लीत उघडायचं. जाता-येता बाया डोकावायच्या. कुणाची बाही घट्ट, कुणाचा परकर लांब, आणि कुणाचं काहीच नाही, नुसतं दोन मिनिटं टेकायचं. मशीन थांबायचं तेव्हा बोलणं चालायचं, आणि बोलणं थांबलं की मशीन. नवरा पहाटेच्या फेरीला निघून जाई आणि अंधार पडल्यावर परते; मधला सगळा दिवस तिने त्या दारावर काढला होता.

एका सुट्टीच्या सकाळी तो तिला प्लॉट दाखवायला घेऊन आला. गाडीतून उतरूच दिलं नाही. एका फाटकातून आत, पांढऱ्या पट्ट्यावरून, दुसऱ्या फाटकातून गल्लीत, गल्लीतून वळसा घालून पुन्हा मोठ्या रस्त्यावर. फाटकं अजून नव्हतीच, चार बांबू रोवलेले होते. तरी तो प्रत्येक जोडीपाशी वेग कमी करायचा.

"बघ. कुठे अडलं?"

"नाही."

"एकदा तरी मागे घ्यावी लागली?"

"नाही. थांबवा आता, मला उतरायचंय."

ती उतरली आणि पदर खोचून प्लॉटच्या मधोमध उभी राहिली. "माझं मशीन कुठे?"

त्याने मागे बोट दाखवलं.

"आणि बायका कुठून येणार?"

"फाटकातून."

"गाडीच्या?"

"माणसांना काय वेगळं फाटक लागतं?"

"अहो, घर बांधताय की डेपो?" ती म्हणाली. "गाडीला यायला एक दार, जायला एक दार. आणि माझ्याकडे येणारीने गाडीच्या वाटेवरून, भिंतीला घासत, न्हाणीघरापर्यंत यायचं. कोण येईल? कुणी येणार नाही."

"अगं, येतील. सवय होईल."

"तुम्ही बांधा. तुम्ही राहा. मी शहरातली खोली सोडत नाही." बाही दोन बोटं कमी पडेल, असं गिऱ्हाइकाला सांगावं तशा आवाजात ती बोलत होती. "रविवारी येत जाईन."

ती आरडाओरडा करायची तेव्हा तिचं मन वळवता यायचं. ती शांत असली की तिचं ठरलेलं असायचं. परतताना तेच वाक्य त्याच्या कानात होतं. रविवारी येत जाईन. पाहुणी म्हणून. आपल्याच घरी.

तरी त्याचा हेका सुटला नाही. उलट तो जास्त चुना टाकू लागला. त्यात भलताच उपद्रव सुरू झाला होता: रोज सकाळी कोपऱ्यावरचा पट्टा पुसलेला. कधी नुसता फिसकटलेला, कधी पार मातीत मिसळलेला.

"तुमची माणसं माझ्या चुन्यावर नाचतात का हो?" त्याने गवंड्याला विचारलं.

"माझी माणसं अजून आलीच कुठे?" गवंडी म्हणाला. "पायाच खणू देत नाही तुम्ही. वारा असेल."

"वाऱ्याला टाचा असतात?"

त्याने पट्ट्याच्या कडेला दगड मांडले. दुसऱ्या दिवशी दगड कुणीतरी नीट उचलून बाजूला रचून ठेवलेले. शिस्तीत. याचं टाळकं सरकलं.

मग गाडीचा क्लच गेला आणि ती गॅरेजमध्ये जाऊन बसली. प्लॉटवर गेल्याशिवाय त्याला चैन पडेना, म्हणून संध्याकाळी तो बसमध्ये चढला. स्टिअरिंगवर त्याच्या हाताखाली शिकलेला एक जण होता.

"नाकासमोर, तुम्ही? पुढे या की, इथे बसा!"

"राहू दे. तू समोर बघ."

तो दांडीला धरून उभा राहिला. हात नुसताच वर लोंबकळत होता, त्याला काही काम नव्हतं. शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले तसा तोही उतरला. या थांब्यावर त्याने अगणित फेऱ्या आणल्या होत्या आणि पाय एकदाही टेकला नव्हता. बस पाण्याच्या टाकीभोवती वळवायची आणि निघायचं. उतरलेली माणसं आरशात लहान होत जायची, मग काचेच्या कडेवरून घरंगळून पडायची. त्याच्या लेखी ती तिथे संपायची. आज तो त्या संपलेल्या माणसांत उभा होता आणि ती सगळी एकाच दिशेला चालू लागली होती.

दिवे नसलेला रस्ता. कडेला फूटपाथ म्हणावं तर फूटपाथ, पण जिथे जिथे घर तिथे तिथे गाडीसाठी केलेला उतार, त्यामुळे दर दहा पावलांनी खाली उतरायचं आणि पुन्हा चढायचं. त्याचे गुडघे बोलू लागले. शेजारून एक नर्स चालली होती, पांढरे बूट, हातात फुगलेली बॅग.

"जपून काका, पुढे गटार उघडं आहे. नवीन का इकडे?"

"तसाच म्हणायचा."

"मग आमच्या मागून या. पुढे एक मधली वाट आहे, मोठा वळसा वाचतो."

मधली वाट त्याच्या प्लॉटवरून जात होती. बांबू ओलांडून, कोपरा कापून, थेट गल्लीत. पुढची माणसं सवयीने पाय टाकत गेली. नर्सने बूट उचलून चुना ओलांडायचा प्रयत्न केला पण तिला ते जमलं नाही.

"कुणीतरी येडा रोज इथे चुना टाकून ठेवतो," ती बूट झटकत म्हणाली. "दगडसुद्धा मांडले होते मेल्याने. आमच्याकडच्या आजोबांनी उचलले, कुणाला ठेच लागू नये म्हणून."

"मीच तो येडा," तो म्हणाला.

ती तोंडावर हात ठेवून हसली, मग ओशाळली. मागून येणाऱ्यांना वाट देत दोघं कडेला सरकली.

"म्हणजे आता इथे भिंत येणार?"

"घर म्हटल्यावर भिंत आलीच."

"घाला की. तुमची जागा. आम्ही जाऊ वळसा घालून." ती सहज म्हणाली, रागावून नाही, आणि त्यामुळेच त्याला ते लागलं.

"एक विचारू? तुम्ही कपडे कुठे शिवायला टाकता इथे?"

"शिवायला?" तिने बॅग उचलून दाखवली, चेन तुटलेली, वर मोठाली पिन. "ड्युटी संपते तेव्हा शहरातली दुकानं बंद. इथे येते तर दुकानच नाही. पिनेवर चाललाय संसार."

ती गेली. तो विटांच्या ढिगावर बसून राहिला. थोड्या वेळाने पुढची बस आली, आणि पुन्हा अंधारातून माणसं आली, बोलत, खोकत, पिशव्या या हातातून त्या हातात घेत, आणि त्याच्या प्लॉटवरून पलीकडे गेली. आरशात न मावणारा तुकडा हाच असावा, असं त्याच्या मनात आलं. आपण त्याला इतकी वर्षं भ्यायलो, आणि त्यात नुसती घरी जाणारी माणसं होती. उठताना कोपऱ्यावरचा उरलासुरला चुना त्याने स्वतःच्या चपलेने पुसला.

दुसऱ्या दिवशी भाचीने हातातली पट्टी खाली ठेवली. "फाटक एकच?"

"एकच. गल्लीच्या बाजूला. आणि कोपरा तिरपा काप. वाट भिंतीच्या बाहेर राहू दे, लोकांना. त्या तिरप्या भिंतीत मामीची खोली, दार वाटेवर."

"आणि गाडी? आत जाईल. बाहेर कशी येणार?"

"मागे घेईन."

"मागे कोण उभं राहणार, मामा?"

"कुणी नाही. गल्लीकडची भिंत कमरेइतकीच ठेव, म्हणजे पोरंबाळं येताना दिसतील. आणि फाटक थोडं आत सरकव. गाडीचं ढुंगण रस्त्यावर जायच्या आधी मला थांबून बघता आलं पाहिजे."

भाचीने या खेपेला बऱ्याच रेघा ओढल्या आणि गप्प बसली नाही. गुणगुणत होती.

गाडी गॅरेजमधून आल्यावर त्याने सराव सुरू केला. फाटकाच्या जागी दोन्ही बाजूंना विटा रचायच्या आणि मधून मागे यायचं. पहिल्या दिवशी डावीकडचा ढीग गेला, दुसऱ्या दिवशी दोन्ही.

"काका, बांधायच्या आधीच पाडायला घेतलं का घर?" गवंडी ओरडला.

"तुझ्या विटाच मध्ये येतात."

"हो, त्यांना पाय फुटलेत."

घामाने त्याचा सदरा पाठीला चिकटायचा. पण रोज थोडा कमी.

वाटेवर भेटलेल्या नर्सला त्याने सांगून टाकलं, इथे शिवणारी येणार म्हणून. बायकोलाही सगळं सांगितलं. तिने फक्त "बघू" म्हटलं. आणि यायची वेळ आली तेव्हा म्हणाली, "गाडीने नको. माझ्याकडे येणारी बाई जशी येईल तशी मी येते." तेव्हा दोघं बसने आली, शेवटच्या थांब्यावर उतरली, उतार चढली-उतरली. गवंड्याने पाया भरून घेतला होता, आणि कोपऱ्यावरच्या खोलीच्या विटांचा एक थर नुसता, सिमेंटशिवाय, मांडून ठेवला होता. तिरप्या बाजूला दाराएवढी फट.

ती आत गेली. इकडून तिकडे चालली. बरी आहे म्हणाली नाही, वाईटही म्हणाली नाही. "उजेड कुठून?" "इकडून." "दुपारी ऊन?" "नाही, गल्लीतल्या घरांची सावली पडते." एवढंच. मग ती विटांच्या लहानशा ढिगावर टेकली, आणि तो बाहेर, निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखा.

बस आली असावी, कारण वाटेवरून माणसं येऊ लागली. त्यातला एक म्हातारा, कोट घातलेला, घोट्याइतक्या विटांसमोर थांबला. पाय उचलला असता तर पलीकडे आला असता. पण तो भिंतीपाशी थांबावं तसा थांबला.

"बाई, शिवणाऱ्या तुम्हीच का? नर्सबाई म्हणत होत्या. खिसा फाटलाय, किल्ल्या अस्तरात जातात. आत येऊ का?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही. "दार इकडून आहे," ती म्हणाली आणि फटीकडे हात केला.

म्हातारा विटांच्या कडेकडेने गेला आणि फटीतून आत आला. तिने पर्समधून सुई काढली, दोरा दाताने तोडला, कोट मांडीवर घेतला. "इथे असता का रोज?" त्याने विचारलं.

तिने अस्तर उलटं केलं. बोटांनी फाटलेली जागा शोधली.

"वर छप्पर आलं की रोज," ती म्हणाली. मग मान वर न करताच, "अहो, उभे काय राहिलात? त्यांना बसायला चार विटा द्या."