संदर्भयादीत नसलेला श्रीधर

"हे गेले," श्रीधरच्या पत्नी सुशीलावहिनी एवढंच म्हणाल्या. साताऱ्याहून ट्रंक कॉल होता, आवाज तुटत होता. सांगलीतल्या माझ्या दवाखान्यात पेशंट तोंड उघडून बसला होता. हृदयविकाराचा झटका. या गोष्टीला महिना होऊन गेला. दुःख आहेच, पण त्याहून जास्त चीड आहे, आणि ती कुणावर काढावी हे कळत नाही.

मुंबईच्या डेंटल कॉलेजात असताना श्रीधर आणि मी एका खोलीत राहिलो. पुढे मी सांगलीत कवळ्या बसवत राहिलो. शिराळ्याचा हा गडी मात्र साताऱ्यात जबड्याच्या हाडात धातूचे खुंट रोवून त्यांवर दात बसवण्याच्या मागे लागला. इतर डॉक्टर खुंट रोवला की लगेच दात चढवत. श्रीधर म्हणायचा, आधी हिरडी शिवून टाक, हाडाला खुंट धरू दे, काही महिने थांब. सुरुवातीचे त्याचेही खुंट सैल होऊन निघाले. थांबायला शिकला, तसे टिकू लागले. कडेगावच्या एका निवृत्त हवालदारांनी तर माझ्यासमोर उसाचं कांडं दातानं सोललं. "आवं डाक्टर, दात हाय तसा हाय, मानच दुखाय लागली बगा!" श्रीधर लहान मुलासारखा हसला होता.

हे सगळं त्यानं लिहिलं, फसलेल्या पेशंटांसकट. एका छोट्या मासिकानं छापलं... आणि पुढे काहीच नाही. या विषयावर लेख येत राहिले, प्रत्येकाच्या शेवटी तेच ते परदेशी संदर्भ, श्रीधरचं नाव कुठेच नाही. आणीबाणी उठली त्या वर्षी पुण्याच्या एका परिषदेत तो बोलायला उभा राहिला. अध्यक्षस्थानी एक बडे प्राध्यापक होते.

"तुमच्या लेखाचा संदर्भ आजवर कुणी दिलाय?"

"अजून नाही, सर."

"मग आम्ही तो कशाच्या जोरावर मानायचा?"

"तुम्ही मानल्याशिवाय संदर्भ कोण देणार, सर?"

सभागृह हसलं. श्रीधर हसला नाही.

मग लगेच दात चढवायला आधार म्हणून जो परदेशी लेख सगळे पुढे करत, तो त्यानं मुंबईच्या ग्रंथालयात जाऊन काढला. आपल्याकडच्या झाडून सगळ्या लेखांत त्याचा पान क्रमांक चुकलेला, आणि चूक सगळीकडे एकच! "गड्या, कुणी उघडलाच न्हाई रं तो लेख," तो मला म्हणाला. "एकमेकांचं बघून उतरवलंय. त्या लेखकानं शेवटी स्वतःच शंका घेतलीय, की घाई केल्यानं खुंट सैल पडत असतील." हे त्यानं संपादकांना कळवलं. जागेअभावी छापता येत नाही, असं उत्तर आलं. तिकडे लोकांचे खुंट निघतच होते.

शोकसभेत सगळे म्हणाले, मनमिळाऊ होते, गरिबांचे डॉक्टर होते. त्याच्या कामाबद्दल अक्षर नाही. मी ते सांगायला उठलो, तर संयोजकांनी हळूच घड्याळ दाखवलं.

परवा साताऱ्याला गेलो होतो. दंतवैद्यकाच्या मासिकाचा नवा अंक त्याच्या नावानं आलेला. वहिनींनी वेष्टन फोडलंही नव्हतं. "तुम्हीच न्या भावजी," म्हणाल्या. "हे तर नेहमी शेवटच्या पानापासून उघडायचे. स्वतःचं नाव शोधायचे, मला कळायचं... मी विचारलं नाही कधी." मी एसटीत बसल्यावर ते फोडलं आणि शेवटचं पान काढलं. लेखाखालच्या संदर्भांच्या यादीवरून बोट फिरवत खालपर्यंत गेलो. मग पुन्हा वरून सुरुवात केली.