वायसरले पाजलेलं तेल

"चाबी काढ, हिरालाल भाऊ. आज ही गाडी इथून हालवाची नाही."

"काबर? का होगे भैया?"

"ब्रेक खराब हाय."

"खराब? दस दिन पहिली तहीं तो बनाए हस! मक्खन कस चलत हे."

"मीच बनवला, म्हणून तर सांगून राहिलो. माया हातानंच खराब झाला तो."

हिरालालनं तोंडातला गुटखा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला अन् शामरावकडं पाहिलं. बारा वर्षांची ओळख. शामराव आपली वऱ्हाडी बोलतो, हिरालाल आपली छत्तीसगडी, अन् आजवर दोघांचं कधी अडलं नाही. पण आपली चूक आपल्या तोंडानं सांगायला भर उन्हात स्कूटर मारत आलेला मिस्त्री त्यानं पहिल्यांदा पाहिला असावा. शाळा सुटायला वीस मिनिटं होती. फाटकासमोर सहा व्हॅन रांगेनं उभ्या होत्या. हिरालालची तिसरी. तिच्यात चौदा पोट्टे बसतात.

शामराव मेश्राम मूळचा भिवापूरकडला. काका रेल्वेत होते, त्यांच्या मागं मागं रायपुरात आला, रेल्वेत काही चिकटला नाही, गॅरेजात चिकटला. आता तेलीबांध्याच्या तलावामागच्या गल्लीत टिनाच्या शेडखाली त्याचं स्वतःचं गॅरेज आहे. तीस वर्षं झाली, पण 'काहून' अन् 'कायले' काही त्याच्या जिभेवरून उतरलं नाही. पोरगी पायल हिंदीत उत्तर देते, हा वऱ्हाडीत विचारतो. बोली म्हणजे काही अंगातला सदरा नव्हे, गाव बदललं की बदलायला.

त्याचा हात ब्रेकवर बसलेला. ब्रेकच्या नळीत हवा शिरली की पेडल पोचट लागतं, दाबलं तर रिकाम्या पोत्यावर पाय दिल्यागत खाली जातं. ती हवा काढायला दोन माणसं लागतात. एक आत बसून पेडल दाबणार, दुसरा चाकाजवळचा निपल, म्हणजे हवा सोडायचा बारका स्क्रू, उघडणार. शामरावकडं आत बसायला बावीस वर्षं त्याची बायको कमला होती. पोळ्या लाटता लाटता हात पुसून यायची, पदर खोचून गाडीत बसायची. "दाब. अजून दाब. धर. सोड." गल्लीतल्या बाया हसायच्या. कमला म्हणायची, "घरात मी सांगतो अन् हे आयकते. गाडीत बसलो का उलटं होते."

दोन वर्षांपूर्वी तिचा उजवा गुडघा गेला. समता कॉलोनीतल्या डॉक्टरनं सांगितलं, जिना कमी करा. पेडलचं त्याला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं तेव्हा त्यानं चष्मा काढून कमलाकडं पाहिलं.

मग शामरावनं फवारणीचा पंप आणला. पाच लिटरचा, वर दांडा असलेला, हवा भरून ठेवायचा. गावाकडं बाप मिरचीवर असाच पंप मारायचा. याची तोटी काढली, पारदर्शक नळी लावली, नळीच्या टोकाला गाडीतल्या ब्रेक ऑइलच्या डबीचं जुनं झाकण भोक पाडून बसवलं, हवेचा काटा लावला. टाकीत ब्रेक ऑइल भरायचं, पंधरा पौंड हवा मारायची, झाकण डबीवर आवळायचं अन् एकेक चाकाचा निपल उघडत जायचं. दाबानं नवं तेल आत जातं, जुनं काळं तेल अन् हवेचे बुडबुडे बाहेर येतात. पेडलवर पाय नाही, आत माणूस नाही. क्लचचंही तसंच होतं. कंपनीचं असलं यंत्र असतं म्हणतात. शामरावनं ते पाहिलं नव्हतं. कमला पहिल्या दिवशी खुर्ची टाकून बसली अन् म्हणाली, "माया जागी डबा ठेवला बाप्पा तुमी."

डब्यानं दोन वर्षं बिनतक्रार काम केलं. मग दांड्याचं वायसर, म्हणजे वॉशर, झिजलं. शामरावनं नवं टाकलं, तर ते कोरडं, कुरकुरायला लागलं. आता इथं बापाची सवय आडवी आली. बाप म्हणायचा, पंप ठेवाच्या आंधी वायसरले तेल पाज, नाही तं ते तुले सीझनात उपाशी मारन. शामरावच्या हाताला ते पाठ. रविवारची दुपार, डोकं रिकामं. कमलाच्या शिलाई मशीनच्या तेलाची बाटली खिडकीत होती. ती घेतली अन् दांड्यातून सढळ हातानं ओतली. कुरकुर थांबली. शामराव खूश.

ब्रेक ऑइल म्हणतात खरं, पण साध्या तेलाशी त्याचं हाडवैर. ब्रेकमधली रबरं ब्रेक ऑइलात वर्षानुवर्षं नांदतात. साध्या तेलाचे चार थेंब गेले की फुगतात. शामरावला हे माहीत नव्हतं असं नाही. दुसऱ्याच्या गॅरेजात कोणी केलं असतं तर त्यानं आईबाप काढले असते. पण ज्ञान डोक्यात होतं अन् सवय हातात, अन् त्या दुपारी काम हातानं केलं.

त्या आठवड्यात पंपावर तीन गाड्या झाल्या. सोमवारी चारुदत्त सरांची, मंगळवारी हिरालालची व्हॅन, बुधवारी दाताच्या दवाखान्यातल्या श्रावणी मॅडमची.

दहा दिवसांनी, शुक्रवारी सकाळी, चारुदत्त सर आले. तात्यापाऱ्यात राहतात, बँकेतून निवृत्त, गाडी पोटच्या पोरागत जपतात. क्लचचं पेडल दाबलं की सावकाश वर येत होतं. ब्रेक सोडला तरी गाडी पुढं जायला कुथत होती. पुढच्या चाकाला जळका वास.

शामरावनं बोनेट उघडलं, ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण काढलं. आतलं रबर भिजवलेल्या वाटाण्यावानी फुगलेलं. बोटानं दाबलं तर लिबलिबीत.

"जुनी गाडी आहे शामराव," सर म्हणाले. "रबर गेलं असेल. वय झालं तिचं."

सरांनी आपणहून दार उघडून दिलं होतं. शामरावनं नुसती मान हलवली असती तर तो त्यातून निघून गेला असता. त्यानं चहा मागवला. सरांना दिला, स्वतः घेतला, अर्धा पिऊन ठेवला अन् आत गेला.

कमला मशीनवर बसली होती. त्यानं पंपाच्या टाकीतलं थोडं ब्रेक ऑइल स्टीलच्या वाटीत आणलं होतं.

"हे पाह्य वं."

"काय पाहू? पिवळं पानी."

"याच्यात पानी टाक."

तिनं तांब्यातलं पाणी टाकलं. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून गेलं. तेल वर आलं, रस्स्यावर तर्री यावी तसं.

कमलानं वाटीकडं पाहिलं, मग खिडकीतल्या बाटलीकडं. बाटली अर्धी झालेली. "मायं तेल होय ना हे? मले वाटलं, पायलनं सांडलं. तिले दोन दिवस बोललो मी."

"मीच घेतलं."

"विचाराचं तरी. मी पेडल दाबत होतो तवा तं कोनाची गाडी बिघडली नाही." मग तिनं मशीनचं चाक हातानं थांबवलं. "कोनाकोनाच्या गाडीत गेलं?"

त्यानं तीन नावं सांगितली. दुसरं नाव ऐकून ती उठली. "त्याच्या गाडीत तं पोट्टे बसते."

"मालूम हाय."

"मंग इथं कायले उभे हा?"

शामराव बाहेर आला अन् सरांना म्हणाला, "सर, रबर जुनं नव्हतं. मी पंपात मशीनचं तेल टाकलं. चूक माई हाय. गाडी ठेवून जा. घरी कोनी घेऊन जाईन का तुमाले?"

सर चहाचा कप घेऊन तसेच उभे राहिले. "म्हणजे मी त्या गाडीत काल मंदाकिनीला दवाखान्यात नेलं," ते म्हणाले. मंदाकिनी म्हणजे त्यांची बायको. एवढंच बोलले, कप ठेवला अन् रिक्षा पाहायला गल्लीच्या तोंडाकडं गेले.

श्रावणी मॅडमना फोन लागला. "भैया, गाडी तो चार दिन से घर पे खडी है." हलवू नका, म्हटलं. हिरालालचा फोन वाजत राहिला. गाडी चालवताना तो फोन उचलत नाही, ही त्याची चांगली सवय. शामरावनं दोन पाने अन् जॅक स्कूटरच्या पुढ्यात टाकला अन् निघाला.

शाळेच्या फाटकाशी हिरालाल ऐकायला तयार नव्हता. "दू ट्रिप मार के लानत हंव तोर करा. पेडल तो एकदम टाईट हे!"

"टाईट हाय हाच तं रोग हाय. चाकाले हात लाव."

"काबर?"

"लाव तं."

हिरालालनं पुढच्या चाकाच्या रिमला तळहात टेकवला अन् शिवी देऊन झटकला. व्हॅन येऊन अर्धा तास झाला होता, तरी रिम पोळत होती.

शामराव खाली बसला. चाकामागं हात घालून निपलवर पाना लावला, अर्धा आटा ढिला केला. पेडलला कोणी हात लावला नव्हता, तरी ब्रेक ऑइलची चिळकांडी निघून त्याच्या मनगटावर आली. "पाह्य. पाय काढला तरी दाब आत कोंडून ऱ्हायते. रबर फुगलं, वापस जायाची वाट बंद झाली. असंच तापत जाईन, अन् एक दिवस आतलं उकळन. मंग तू पेडल मारशीन अन् काहीच लागनार नाही."

शाळेची घंटा झाली. चौदा पोट्टे दप्तरं घेऊन व्हॅनकडं पळत आले. एका पोट्टीनं दाराच्या मुठीला हातही घातला. हिरालालनं तिचा हात काढला. क्षणभर तो कोणावर ओरडावं ते शोधत होता. मग चाबी शर्टच्या खिशात टाकली अन् बाकीच्या व्हॅनवाल्यांना हाका मारल्या. दोन इकडं, तीन तिकडं, पोट्टे वाटून दिले. पोट्ट्यांच्या आयांचे फोन येत होते. प्रत्येकीला तो तेच सांगत होता, "मिस्त्री खुद आ के बोला दीदी, ब्रेक उसीने बिगाडा." शामराव तिथंच उभा राहून ऐकत होता. खोटं काही नव्हतं त्यात.

व्हॅन क्रेनवर चढून गॅरेजात आली. पेडलमागचा मास्टर सिलिंडर काढला, चारही चाकांची रबरं काढली, क्लचची काढली, नळ्या बदलल्या. फुगलेली रबरं त्यानं फेकली नाहीत, हिरालालसमोर परातीत मांडली. हिरालालनं एक उचलून नव्या रबराशेजारी धरलं अन् परत टाकलं. रविवार अख्खा त्यात गेला.

हवा काढायची वेळ आली. पंप तर बाद. कमला दारात आली तशी शामराव म्हणाला, "तू नको. गाडी याची, पायही याचाच लागन."

हिरालाल आत बसला.

"दाब."

धाडकन पेडल खाली गेलं.

"लात नको मारू बे! राग मायावर हाय तं पेडलवर काहून काढतं? हळू. दाब. धर."

"कतका बेर धरंव?"

"मी म्हनन तोवर. सोड."

तीन दिवसांत पहिल्यांदा हिरालाल हसल्यासारखा झाला, पण हसला नाही. एका चाकावरून दुसऱ्यावर जाता जाता त्याच्या पोटरीत गोळा आला. दारातून कमला म्हणाली, "बावीस साल किया मैंने ये."

"दीदी, तोर पाँव परत हंव," हिरालाल म्हणाला.

तलावाकडच्या रिकाम्या रस्त्यावर त्यानं गाडी पाच वेळा पळवली, पाच वेळा थांबवली. उतरून चारही चाकांना हात लावून पाहिला. मग शामरावकडं न पाहता म्हणाला, "ठीक हे," अन् गेला.

सोमवारी दोन व्हॅनवाले यायचे होते, ते आले नाहीत. शाळेच्या फाटकाशी हिरालालनं सगळी गोष्ट सांगितली होती, पंपासकट. तो स्वतः परत येईल की नाही, ते शामरावनं विचारलं नव्हतं.

"खोटं तं नाही सांगत तो," कमला म्हणाली.

"नाही."

"मंग?"

"मंग काय. सरांची झाली, आज मॅडमची खोलाची हाय."

श्रावणी मॅडमची गाडी दोरीला बांधून शेडखाली आणलेली होती. शामरावनं मागच्या चाकांना विटा लावल्या, जॅक सरकवला अन् पुढचं चाक जमिनीवरून उचलायला सुरुवात केली.