बोटभर उंचीसाठी

दादाचा फोन आला तेव्हा मी शिवाजी पेठेतल्या घरी भाजी निवडत बसले होते. "तायडे, अनू गेली," एवढंच तो म्हणाला. तिची पोलीस भरती जवळ आली होती, म्हणून मी विचारलं, "कुठं गेली?" पलीकडून वहिनीचं रडणं ऐकू आलं.

अनुराधा माझी भाची, दादाची लेक, गडमुडशिंगी गावची. अगदी लहानपणापासून तिला दमा. ऊस तुटला, फडातलं पाचट पेटलं की तिच्या छातीत शिट्टी वाजायची. डॉक्टरांनी रोज ओढायचा पंप सुरू केला आणि पोर पळायला लागली. पळण्यात तिला कुणी गाठत नसे, पण वर्गात सगळ्यात बुटकी तीच. लग्नाकार्यात बायका वहिनीला म्हणायच्या, "पंपात स्टेरॉईड असतंय, पोरगी खुरटंल." वहिनीनं घाबरून डॉक्टरांना विचारलं. त्यांनी काही लपवलं नाही. "थोडा फरक पडतो, बोटभर. पण दमा मोकाट सोडला तर वाढ त्याहून जास्त खुंटेल, आणि जिवाला धोका आहे तो वेगळाच." वहिनीनं पंप चालू ठेवला. शेजारी बसलेल्या अनूनं मात्र 'बोटभर' तेवढंच लक्षात ठेवलं.

बारावीनंतर ती भरतीला उतरली आणि उंचीत थोडक्यासाठी बाहेर पडली. दिवाळीत माझ्याकडं आली तेव्हा म्हणाली, "आत्ती, रोजचा पंप बंद केलाय मी. उंची भरू दे, मग घेतो की."

"श्वासच न्हाय तर उंची घेऊन काय करशील?" मी रागावले.

"मला काय होत न्हाय."

मी तिच्यादेखतच वहिनीला फोन लावला. तेव्हापासून वहिनी रोज समोर बसून तिला पंप घ्यायला लावायची. अनू तो तोंडात धरायची, दाबायची, पण श्वास आत ओढायचीच नाही. हे तिच्या मैत्रिणीनं नंतर, दिवसकार्याला आल्यावर सांगितलं.

त्या सकाळी थंडी होती, पेटलेल्या पाचटाचा धूर खाली उतरला होता. मैदानावर पळता पळता अनू खाली बसली. मैत्रिणींनी रिक्षात घातलं, पण दवाखाना येईपर्यंत तिचे ओठ निळे पडले होते...

पुढं एकदा दादानं डॉक्टरांना विचारलं, "पंप सोडल्यानं वाढली असती का हो?"

"नाही. या वयात हाडांची वाढ थांबलेली असते. पंप सोडून तिला काहीच मिळणार नव्हतं."



परवा मी गडमुडशिंगीला गेले होते. उंची वाढावी म्हणून लोंबकळायला तिनं दादाकडून गोठ्यात एक लोखंडी पाइप बसवून घेतला होता. तो अजून तिथंच आहे. हातानं धरायच्या जागी गंज जाऊन लोखंड लखलखीत झालंय. धार काढायला जाताना वहिनी त्याच्याखालून वाकून जाते. पाइप तिच्या डोक्यापासून कितीतरी वर आहे.