टाउन हॉल विकायला निघाला तेव्हा

आज मत द्यायला आमच्या गावच्या टाउन हॉलमध्ये गेलो. आत लाकडाच्या पॉलिशचा वास होता. त्या वासाने मला बऱ्याच वर्षांपूर्वीची एक सभा आठवली.

नोकरीसाठी आम्ही नॉटिंगहॅमहून इथे नुकतेच आलो होतो. एके काळी हे गाव काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, मुख्य ठिकाण. कोर्ट, बाजार, सगळं या हॉलभोवती चालायचं. पण तेव्हा हॉलचं छप्पर गळत होतं आणि गावची कौन्सिल तो फ्लॅट बांधणाऱ्यांना विकायच्या विचारात होती. माझ्या बायकोला, मेधाला, इथे करमत नव्हतं. "लंडनला, ईलिंगला जाऊ या, तिथे आपली माणसं आहेत," असं ती सारखं म्हणायची.

त्याच विषयावरच्या सभेत, ओल्या लोकरी कोटांच्या गर्दीत आम्ही मागे बसलो होतो. भिंतीवर जुन्या मेयरांच्या तसबिरी होत्या. अचानक मेधा उठली.

"या तसबिरींत माझं कुणी नाही," ती इंग्रजीत म्हणाली. "पण माझी मुलगी इथे नाच शिकते. गावात तिच्या ओळखीची हीच एक जागा आहे."

ती बसली, तशी शेजारच्या आजीबाईंनी तिचा हात धरला. "शनिवारी आम्ही छपरासाठी वर्गणी गोळा करतोय. येशील?"

हॉल विकला गेला नाही. छप्पर मात्र हळूहळू, लोकांच्या पैशातून झालं.

सभेच्या त्या संध्याकाळी घरी येताना मी विचारलं, "मग ईलिंगचं कधी बघायचं?"

"बघू रे. शनिवारी सगळ्यांसाठी पोहे न्यायचेत."

मला वाटलं, ती विषय टाळतेय. पण त्यानंतर तिने ईलिंगचं नाव कधी काढलंच नाही.