जिरोलामोच्या पाठीवरचा खल

जिरोलामोने जन्मात कधी दुसऱ्याच्या हातचं निमूट खाल्लं नव्हतं. लिगुरियाच्या किनाऱ्यावर, पिएत्राल्बा गावात त्याची छोटी खानावळ. डोंगरवाटा तुडवून दमलेले पाहुणे त्याच्याकडे येत, पेस्तो, म्हणजे तुळशीच्या जातीच्या बाझिलची लसूण घालून खलात वाटलेली चटणी, कालवलेल्या शेवया खात आणि ताटावर पाव फिरवून तृप्त होत. तो स्वतः मात्र बाहेर जेवायला बसला, की पाच मिनिटांत यजमानाच्या स्वयंपाकघरात असे. चुलतभावाच्या लग्नात त्याने आचाऱ्याच्या हातातला झारा काढून घेतला होता. मधुचंद्राला जेनोव्हात गेला, तेव्हा खानावळीच्या भटारखान्यात लसणावरून वाद घालत राहिला. नव्या नवरीने एका खलाशाच्या कुटुंबाबरोबर जेवण उरकलं.

ती नवरी, एर्सिलिया, आता साठीला आली होती. यंदा तिने फर्मान काढलं.

"जन्मभर सहलीला आलेल्यांना जेवू घातलं. आता आपण जायचं. डोंगर चालायचा, दुसऱ्यांनी रांधलेलं खायचं, आणि तू जागेवरून हलायचं नाहीस. एकदा जरी कुणाच्या चुलीपाशी गेलास, तर मी बोटीने माघारी. सहल संपली."

"अगं, मी कशाला जाऊ?" असं म्हणून जिरोलामोने त्याच रात्री आईचा संगमरवरी खल गंजिफ्रॉकात गुंडाळून पाठपिशवीच्या तळाशी घातला. बरोबर लाकडी बत्ताही. वेळ काही सांगून येत नाही.

कड्यावरच्या वाटेने एर्सिलिया शेळीसारखी चालली होती आणि हा मागून लोहाराच्या भात्यासारखा धापा टाकत होता.

"एवढं काय भरलंयस रे?"

"स्वेटर."

"ऑगस्टमध्ये?"

"वारा सुटतो कधीकधी."

दुपारी दोघं कालावेर्देत पोचली. पिएत्राल्बाच्या मते या गावाला समुद्र दिसतो, पण चव कळत नाही. धक्क्यावर तेक्लाबाईची खानावळ होती. तिने जिरोलामोला ओळखलं आणि हात कमरेवर ठेवले.

"या, शेजारी! तपासणीला आलात की जेवायला?"

"जेवायला," एर्सिलियानेच उत्तर दिलं.

पेस्तो सांगितला. थोड्या वेळाने आतून आवाज आला. घर्रर्र. मिक्सर!

जिरोलामोचा चेहरा पडला. पात्यांनी बाझिलची पानं तापतात, काळवंडतात, कडवट होतात, हे त्याच्या गावात बाळांना पाळण्यातच कळतं. पायाशी पिशवी होती आणि पिशवीत खल. तो अर्धा उठला.

"बोट अजून धक्क्यालाच आहे," एर्सिलिया खिडकीबाहेर बघत म्हणाली.

तो बसला.

ताटं आली. त्याने घास घेतला. तेक्लाबाई समोरच उभी.

"कसं झालंय?"

सगळी खानावळ माना वळवून बघत होती. जिरोलामोने घास गिळला. "छान झालंय."

तेक्लाबाई कुणाला तरी सांगायला आत पळाली.

एर्सिलियाने पहिला घास चावला. थांबली. दुसरा चावला. आणि हळूच पुढे वाकली.

"जिरो, हे कडू लागतंय रे."

"खा मुकाट्याने."

"लसूणही जास्त आहे. आपल्याकडे असं नसतं. काढ तो खल."

"कसला खल?"

"सकाळपासून तुझ्या पाठीवर जे स्वेटर खडखडतंय, ते. जा आत, वाटून आण. आज मीच सांगतेय."

जिरोलामोने पिशवीकडे पाहिलं, स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा बायकोनेच त्याला परवानगी दिली होती. मग त्याने पावाचा तुकडा मोडला.

"मी नाही जात. सहलीला आलोय मी," तो म्हणाला आणि ताट पावाने पुसून स्वच्छ केलं.

एर्सिलिया डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली आणि तिनेही आपलं ताट संपवलं. कडू तर कडू.

बोट त्यांना न घेताच गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं पुढच्या गावाची चढण चढू लागली, तेव्हा पिशवीचा एक पट्टा त्याच्या हातात होता आणि दुसरा तिच्या.

"पुढच्या गावात खलात वाटत असतील ना रे?" तिने विचारलं.

"वाटत नसतील," तो म्हणाला, "तर तू उठायचं नाहीस."