शेजारणीचा निषेध

अमेरिकेतल्या नोव्हाय गावात आमच्या टाउनहाऊसची एक भिंत शेजारणीच्या घराला लागून होती. ती दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला होती, साधारण माझ्याच वयाची, एकटी राहायची. तिचा धाकटा भाऊ सैन्यात ट्रक चालवायचा. दोन हजार तीनच्या इराक युद्धाच्या आधी काही आठवडे त्याला कुवेतला पाठवलं, आणि त्याच संध्याकाळी तिने आमचं दार वाजवलं.

"तू कॉलेजात पॉलिटिकल सायन्स शिकवायचीस ना?" तिने विचारलं. "मग मला सांग, इराण आणि इराक वेगळे आहेत का?"

मला हसू आलं आणि लगेच बरंही वाटलं. नागपूरला मी आठ वर्षं शिकवलं होतं. आंतरराष्ट्रीय संबंधांचा माझा तास असला की मागचे बाकही भरायचे. नवऱ्याला इथल्या गाड्यांच्या कंपनीत नोकरी लागली आणि मी त्याच्या व्हिसावर आले. त्या व्हिसावर मला काम करायची परवानगी नव्हती. दोन वर्षांत माझं बोलणं कोणी मन लावून ऐकलं नव्हतं. आता ही बाई माझ्या स्वयंपाकघरात बसून प्रश्न विचारत होती.

मग ती रोजच यायला लागली. मी तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं. इराकच्या ज्या हुकूमशहाला आज राक्षस म्हणताहेत, त्याला इराणशी लढताना अमेरिकाच मदत करत होती. निर्बंधांमुळे तिथल्या दवाखान्यांत औषधं मिळेनात. तिथे संहारक शस्त्रं शोधणारे तपासनीस अजून वेळ मागताहेत, तो त्यांना कोणी देत नाही. ती ऐकताना पापणी लववायची नाही. एकदा मी बोलून गेले, "लोकशाही काही विमानातून टाकायची वस्तू नाही." तिने ते वाक्य मला दोनदा म्हणायला लावलं.

युद्ध सुरू झालं त्या आठवड्यात गावच्या लायब्ररीत चर्चा ठेवली होती. ती म्हणाली, "मी बोलणार आहे. तूही बोल. तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं."

नवऱ्याने जेवताना हात थांबवला. "ग्रीन कार्डची प्रोसेस चालू आहे. प्लीज. तुझं नावही घ्यायचं नाही म्हणावं तिला."

मी तिला तसं सांगितलं. ती लगेच कबूल झाली.

लायब्ररीत मी शेवटच्या रांगेत बसले. सैनिक सुखरूप परतावेत म्हणून झाडांना पिवळ्या फिती बांधलेले ते दिवस. समोरच्या निम्म्या लोकांच्या कोटावर झेंड्याची पिन होती. ती माइकसमोर गेली. "माझा भाऊ तिकडे आहे," एवढं म्हणाली आणि पिनवाल्यांनीही माना वर केल्या. मग माझे मुद्दे आले, माझ्याच क्रमाने. एका ठिकाणी तिचं साल चुकलं, माझे ओठ आपोआप हलले. शेवटी ते विमानाचं वाक्य. काही लोक उठून गेले, बाकीच्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

मीही वाजवल्या. पण ते वाक्य माझं होतं, तो तास माझा होता, फक्त भाऊ तिचा होता आणि देश तिचा होता. नाव घेऊ नकोस असं मीच सांगितलेलं, त्यामुळे तक्रार करायलाही जागा नव्हती. गावच्या छोट्या वर्तमानपत्रात तिचा फोटो आला, खाली तेच वाक्य. ती तो अंक घेऊन धावत आली आणि मला मिठी मारली. "हे तुझं आहे," म्हणाली. मी हसले. ती गेल्यावर भांडी इतकी आपटली की नवऱ्याने आत येऊन पाहिलं.

दोन दिवसांनी सकाळी तिच्या गाडीच्या मागच्या काचेवर कोणीतरी साबणाने मोठ्या अक्षरांत 'गद्दार' लिहून ठेवलं होतं. मी बादली आणि फडकं घेऊन बाहेर गेले. तिने मला अडवलं.

"राहू दे. ज्याने लिहिलंय त्याला दिसू दे की मी पुसलं नाही."

आणि ती तशीच गाडी घेऊन दवाखान्यात गेली. मी बादली धरून पार्किंगमध्ये उभी राहिले. मला कोणी गद्दार म्हटलं नसतं. गद्दार व्हायला आधी आपलं असावं लागतं. मला फार तर 'परत जा' म्हणाले असते. शिवीचासुद्धा हेवा वाटू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढच्या शनिवारी मराठी मंडळाचा पाडवा होता, एका शाळेच्या कॅफेटेरियात. श्रीखंड-पुरीच्या रांगेत युद्धाचाच विषय. आमच्यातले एक ज्येष्ठ डॉक्टर काका, तीस वर्षांपूर्वी आलेले, नुकतेच रिटायर झालेले, मोठ्याने म्हणाले, "इथलं मीठ खातो आपण. बाहेरून आलेल्यांनी यांच्या घरच्या भांडणात पडू नये."

एरवी मी गप्प बसले असते. पण आठवडाभर आत साठलं होतं. "काका, बॉम्ब बगदादवर पडताहेत. हे घरचं भांडण कसं? आणि तुम्ही तर सिटिझन आहात. तुम्ही नाही विचारायचं तर कोणी?"

नवऱ्याने माझ्या कोपराला हात लावला. मी थांबले नाही. तिथे उभ्या उभ्या मी सगळा तास घेतला, मराठीत, आणि यावेळी साल बरोबर सांगितलं. लोक ऐकत होते. दोघीतिघींनी माना हलवल्या. एकाने हळूच म्हटलं, "यार, हे इथे कशाला?"

काका प्लेट घेऊन दुसऱ्या टेबलाकडे गेले. मला वाटलं, रागावले. जेवणं झाल्यावर ते माझ्या शेजारी येऊन बसले.

"दोन हजार एकच्या सप्टेंबरात ते टॉवर पडले तेव्हा," ते म्हणाले, "माझ्या वीस वर्षं जुन्या पेशंटने मला हात लावू दिला नाही. त्या संध्याकाळी मी गाडीला झेंडा लावला. अजून काढला नाही. तू बोललीस ते मला कळत नाही असं समजू नकोस, बेटा."

परत येताना गाडीत नवरा म्हणाला, "बरं बोललीस. पण इंग्लिशमध्ये नको."

पुढच्या वर्षी तिचा भाऊ परतला. हातपाय शाबूत होते, पण तिच्या घरातला टीव्ही तो सतत चालू ठेवायचा आणि कोणाशी बोलायचा नाही. तोवर शस्त्रं सापडली नव्हती, अमेरिकन सैनिकांनी इराकी कैद्यांचा छळ केल्याचे तुरुंगातले ते फोटो सगळ्यांनी पाहिले होते. नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत ती मत देऊन आली, कोटावर मतदानाचं गोल स्टिकर. मी त्या स्टिकरकडे इतका वेळ पाहत राहिले की तिने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही."

दुसऱ्या दिवशी निकाल कळला. युद्ध सुरू करणारे तेच राष्ट्राध्यक्ष पुन्हा निवडून आले होते. ती पायऱ्यांवर बसून रडत होती. मी शेजारी बसले, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्या रडण्याचाही मला हेवा वाटला. ती हरली होती. हरायलासुद्धा एक मत लागतं.

नाक पुसत ती म्हणाली, "तुझं बरं आहे. तुला म्हणता येतं, हे माझं सरकार नाही. माझ्या भावाला ज्या सरकारने पाठवलं, ते माझंच आहे. मला कुठे जाता येतं?"

आतून भावाने टीव्हीचा आवाज वाढवला. ती उठून त्याच्याकडे गेली.